पाय धुवायला माहेर कुठलं?

४ फेब्रुवारी

मागणीची पानसुपारी आली! सावतची आत्या पिम तबक घेऊन आली. सासूबाईंनी ते घेतलं नाही, नकोही म्हटलं नाही. मागावर जाऊन बसल्या – खटाखट, खटाखट.

माझा नवरा प्राजोङ गेला त्याला चार वर्षं झाली. आम्हा कुई लोकांत सून म्हणजे नवऱ्याच्या पितरांची. त्यांनी सोडल्याशिवाय दुसरं लग्न नाही. आणि त्यांच्याशी बोलणार कोण? सासूबाईच! पोटचा पोरगा गेलेल्या बाईला मी कुठल्या तोंडानं म्हणू, मला सोडा?

सावत आमच्यातला नाही, ख्मेर आहे, पण त्याला सगळं ठाऊक आहे. म्हणाला, "थांबतो की."

६ फेब्रुवारी

पिम पुन्हा हजर. "अगं, तुमच्यात काय नि आमच्यात काय, नवरा बायकोच्या घरी नांदायला जातो. तिनं माहेरच्या दारात त्याचे पाय धुवायचे. तुला ना आई, ना बाप! धुणार कुठे, ओढ्यात?"

ती हसली, मीही हसले. मग चुलीपाशी जाऊन रडले. खोटं काय बोलली ती? माहेर नाही म्हणून तर प्राजोङच्या वेळी मीच इथे नांदायला आले.

९ फेब्रुवारी

सासूबाई अजून ना हो म्हणत, ना नाही. पण ताटात लाल मुंग्यांच्या अंड्यांचं कालवण – माझ्या आवडीचं! या बाईचं काय करावं!

११ फेब्रुवारी

प्राजोङ गेला तेव्हा गाव मला पांढऱ्या पायाची म्हणत होतं. सासूबाई भर बाजारात कडाडल्या होत्या – "ताप माझ्या पोराला आला, हिनं आणला नाही!" रेशीम काढायला, रंगवायला त्यांनीच शिकवलं. हात भाजला की फुंकरही त्यांचीच. कुठे फेडू मी हे? आणि आता त्यांना एकटं टाकून जायचं!

१२ फेब्रुवारी

सकाळी सासूबाईंनी न सांगता कोंबडी उकडली. आतल्या खोलीत पितरांच्या फळीपुढे ठेवली. मी दाराबाहेरच, सुनेनं आत जायचं नसतं.

पितरांशी स्पष्ट बोलल्या. "येन आजपासून तुमची सून नाही. सोडा तिला. राग धरू नका."

मग कोंबडीच्या जबड्याचं हाड ओढून काढलं. दोन्ही टोकं सारखी, पुढे छान वळलेली. शुभ! पितरांनी मोकळं केलं.

मला हवं तेच झालं ना? मग काही हरवल्यासारखं का वाटतंय? सोडलं म्हणजे सोडलंच की. आता मी कुणाचीच नाही. सामान बांधायला घेतलं. त्यांनी पाहिलं नि मागावर जाऊन बसल्या.

१३ फेब्रुवारी

पिम आली. सासूबाईंनी तिच्या हातून तबक ओढून घेतलं – "नवरदेवाला इथेच आणा. पाय याच दारात धुतले जातील, आईच्या जागी मी बसेन." पिमचा आ वासलेला. "पण तुम्ही तर तिला कालच सोडलंत!"

"सून सोडली. लेक कुठे सोडलीय?"