आप्पांची तिरकी टोपी

रविवार, संध्याकाळ

जमलं! म्हणे होणार नाही. केबलवाला उद्या जुना सेट-टॉप बॉक्स नेणार, आणि टीव्हीवरून रेकॉर्ड केलेली आप्पांची मुलाखत त्यातच. दिंडोरीच्या बागेत द्राक्षाची छाटणी समजावतायत, टोपी तिरकी. पेनड्राइव्हवर घेतली, तर लॅपटॉपवर उघडेचना. ती फक्त त्या बॉक्सवरच चालते. मग बॉक्सची वायर लॅपटॉपला जोडली, मुलाखत पहिल्यापासून लावली आणि चालता चालता रेकॉर्ड केली. चित्र स्वच्छ, आवाज खणखणीत.

पण शेजारी आई बसली होती. आप्पांना जाऊन वर्ष झालं, तरी स्क्रीनकडे बघून म्हणाली, "अहो, ती टोपी तरी सरळ करा!"

वायरीतून तिचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये कुठून येणार?

आता पुन्हा लावतोय, मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू ठेवून. टोपी तिरकीच आहे. आई बोलणारच.