भावोजींची हिंदी

झाशी, ९ जानेवारी २०२४

चि. नीरजास, ताईचे पोटभर आशीर्वाद.

फोनवर बोलले की हे शेजारी बसून सगळं ऐकतात, म्हणून पत्र. मेंदूच्या झटक्याला तीन महिने झाले. हातात पेला धरता येतो. मराठी तुटक का होईना परत आली, हिंदी मात्र पार गेली. समजते, पण तोंडातून शब्द निघत नाही. पस्तीस वर्षं कारखान्यात त्याच भाषेत काम केलं गं. इथे मराठी बोलायला मी आणि आपला लेक मंदार, त्यालाही समजतं जास्त, बोलतो कमी. परवा ह्यांचे कारखान्यातले सोबती जयसिंगजी आले. अर्धा तास हे नुसते हात जोडत राहिले. ते गेल्यावर भिंतीकडे तोंड करून निजले.

झटक्याने भाषा गेलेल्यांवरच्या तुमच्या अभ्यासात यांना घेणार, हे उत्तम. एकच कर, हिंदी शिकवणाऱ्या गटात घाल. मोठ्या बहिणीचं एवढं ऐकशील ना?

तुझी वाट पाहणारी,
इंदूताई

पुणे, १७ जानेवारी

ती. ताईस, वाकून नमस्कार.

रागावशील, पण ते जमायचं नाही. गट चिठ्ठीने ठरतो. भावोजींना मी उचलून हवं तिथे बसवलं, तर साठ जणांची मेहनत वाया. एका भाषेच्या सरावाने दुसरी उठते का, हाच तर आमचा प्रश्न आहे. उत्तर मलाही ठाऊक नाही. आधी भावोजींना विचार. ते नको म्हणाले, तर झाशीतच हिंदीचे उपचार लावून देईन. त्यांची तपासणी माझी सहकारी मेघना करेल, मी नाही.

लोभ असू दे, राग ओसरल्यावर तरी.
नीरजा

झाशी, २ एप्रिल

चि. नीरजास, आशीर्वाद, या खेपेला थोडे जास्त.

हे हो म्हणाले आणि चिठ्ठी मराठीची निघाली, तेव्हा आठवडाभर मी तुझा फोन घेतला नाही. आता ऐक. जयसिंगजींना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "ये हिंदी नहीं बोल पाते तो हम मराठी सीख लेंगे." गरौठा गावचा हा सत्तरीचा ठाकूर रोज वही घेऊन येतो. तुमच्या थेरपिस्टबाईंचा व्हिडिओवरचा मराठीचा तास झाला की ह्यांचा वर्ग सुरू. काल जयसिंगजींनी वहीतून वाचून दाखवलं, "मी चहा पिली." ह्यांच्या कपाळाला आठी पडली आणि हे म्हणाले, "पिली नहीं, प्यायलो. कितनी बार बताऊँ, जयसिंगजी?"

जयसिंगजींनी वही मिटली. मग डोळे पुसत, पाणी हवं म्हणून, ते स्वयंपाकघरात माझ्याकडे आले.

तब्येत जप.
ताई

पुणे, ३० एप्रिल

ती. ताईस, साष्टांग.

शेवटची तपासणी झाली. जानेवारीत हिंदीतले चाळीसपैकी सहा शब्द आले होते, आता एकोणतीस. श्रेय सरावाचं, जयसिंगजींचं की नुसत्या दिवसांचं, हे एका माणसावरून मी सांगणार नाही. साठ जण पुरे झाले की छातीठोक बोलेन. जयसिंगजींची नोंद मात्र ठेवली आहे.

मेघनाने शेवटी हिंदीत विचारलं, "रिटायर होने के बाद आजकल आप क्या करते हैं?" भावोजी म्हणाले, "पढ़ाता हूँ."

तुम्हा दोघांची,
नीरजा