आजोबांच्या नावानंतर

काल्हेर

प्रिय भाविक,

हे पत्र माधवी लिहितेय. मी बोलते, ती उतरवते. मी 'हाय', 'न्हाय' म्हणते तिथं ती 'आहे', 'नाही' लिहिते, असं तिनंच कबूल केलं. लिहू दे. नातवाला भेटायला जाताना म्हातारीनंही धड लुगडं नेसावं. माधवीला ओळखलंस ना? की फोनवर करायचास तसं सोंग करशील? त्या डोंगरवाटेवर बरोबर कोण कोण आहे विचारलं की तू सगळ्यांची नावं सांगायचास, हिचं तेवढं सोडून. अरे, मी धवळारीण. भटजीच्या आधी माझं गाणं, मग लग्न. कुणाचं नाव गाळलं तर ते मला सगळ्यात आधी ऐकू येतं. हेसुद्धा लिही गं माधवी, लाजायला नाही बसवलं तुला.

तर बातमी अशी, की आपल्या उन्नतीची हळद पंधरवड्यावर आली. तुझ्या बहिणीचं लग्न गेल्या वर्षीच व्हायचं, ते मागे ढकललं, आणि का ढकललं ते तुला मी काय सांगू. गोदामाच्या मागच्या मोकळ्या जागेत मांडव पडणार आहे. ट्रकवाल्यांना गाड्या दुसरीकडे लावा सांगितलं, तर एक म्हातारा ड्रायव्हर म्हणाला, अम्मा, बिटिया की शादी है, हम झाडू भी मार देंगे. मारली त्यानं.

तू गोदामातली नोकरी सोडून, पाठीवर ते डोईच्या वर जाणारं बोचकं घेऊन नेपाळला निघालास, तेव्हा गावातल्या बाया मला विचारायच्या, नातू कुठं गेला? चालायला. कुठवर? डोंगरातून, महिना दोन महिने. तिथं कोण आहे तुमचं? कुणी नाही. मग कशाला? शेवटी मी सांगायला लागले की त्याचा नवस आहे. तेव्हा कुठं त्यांचं समाधान झालं. मनात मी म्हणायची, आपल्याकडचे हमाल पोटासाठी पाठीवर ओझं घेतात, आणि हा दीडशहाणा हौसेनं घेतो, तेही चढावर.

पण खरं सांगते, तू वाटेतल्या मुक्कामाच्या झोपड्या फोनवर दाखवायचास ते मला फार आवडायचं. रोज संध्याकाळी नवी झोपडी. दगडाच्या भिंती, पत्र्याचं छप्पर, झोपायला लाकडी फळ्या, मधोमध शेगडी आणि वर दोरीवर साऱ्या दुनियेचे ओले मोजे. त्यांचा वास इकडे खाडीपर्यंत आला म्हटलं की तू खोखो हसायचास. तिथं दाराला कुलूप नसतं, आणि सगळ्यात शेवटी थकून येणाऱ्याला शेगडीजवळची जागा द्यायची, कोण कुठला ते विचारायचं नाही, असा तिथला रिवाज, हे तू मोठं कौतुकानं सांगितलंस. मी म्हटलं, त्यात काय नवल? लग्नघरात हेच असतं. ओळीनं पथाऱ्या, एकाचा पाय दुसऱ्याच्या तोंडाशी, आणि एक तरी घोरणारी आत्या. तू म्हणालास, आजी, इथली आत्या जर्मनीची आहे.

तो तुझा शेवटचा फोन. त्या खिंडीखालच्या झोपडीत माधवीचा पाय मुरगळला म्हणून ती मागे राहिली, आणि तू तिला म्हणालास, मी पुढे होतो, पुढच्या झोपडीत तुझ्यासाठी फळी धरतो. जसा काही पडघ्याच्या एसटीत रुमाल टाकणार होतास. सकाळी ऊन होतं. हे माधवी मला दर भेटीत सांगते, ऊन होतं आजी, स्वच्छ ऊन होतं. मी म्हणते, होतं ना बाई, मी कुठं म्हटलं नव्हतं? दुपारी बर्फ सुरू झालं. पुढच्या झोपडीतल्या माणसांनी तुला बघितलंच नाही. किती जण शोधत फिरले, वरून हेलिकॉप्टर फिरलं, पण तू नाहीस, तुझं बोचकं नाही, हातातली काठी नाही.

तुझा बापूस गेला होता तिथं. गाडीतून उतरून दारापर्यंत येताना ज्याला धाप लागते तो केसरीनाथ, तुझ्यामागे त्या झोपडीपर्यंत चढून गेला. तिथं कोणत्या फळीवर झोपला होतास ते विचारून त्याच फळीवर झोपला. परत आला तेव्हा सदरा अंगावर टांगल्यासारखा दिसत होता. काय बघितलंस, काय कळलं, मी किती विचारलं. एवढंच बोलला, आई, तिथं लय थंडी हाय गो. त्या दिवसापासून त्यानं घरातला एसी लावलेला नाही. या वैशाखात आम्ही सगळे घामानं निथळतो, पण रिमोट कुठं आहे असं कुणी विचारत नाही.

भटजी येऊन गेले. म्हणाले, देह मिळाला नाही तर दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यावा, शास्त्रात आहे. तुझी आई विळीवर कांदा चिरत होती, ती विळी हातात घेऊनच उठली. भटजींची एक चप्पल अजून आपल्या ओट्यावर आहे. ते न्यायला येत नाहीत, आणि आम्हीही पाठवत नाही. कमळानं घरात सांगून टाकलं, माझा मुलगा वाट चुकलाय, रडायचं नाही कुणी. मग आम्ही रडलो नाही. मला रडू आलंच तर मी वाटणाला बसते. मिरचीचं नाव पुढं करायला बरं पडतं.

मग कार्ड छापायची वेळ आली. गेलेल्याच्या नावाआधी 'कै.' लावतात एवढं मला न शिकताही ठाऊक आहे. भिवंडीच्या छापखानेवाल्यानं विचारलं, मुलाचं नाव कुठं घालू? तुझ्या बापसाला कुणाचा फोन आला नव्हता, तरी तो फोन कानाला लावून बाहेर गेला. तुझी आई म्हणाली, जिथं भावाचं घालतात तिथं घाला. कार्डं आली तेव्हा मी उन्नतीला म्हटलं, माझं बोट त्याच्या नावावर ठेव. तिनं ठेवलं. मी विचारलं, मागं-पुढं काही लावलंय? म्हणाली, न्हाय आजी, नुसतं भाविक. सोनेरी अक्षरं जरा वर उचललेली होती, बोटाला लागत होती. वाचणं म्हणतात ते असंच असेल, तर या जन्मात मी एवढंच वाचलं.

नवरदेव कुमार, वळ गावचा. मुलगा चांगला आहे, आणि कान मोठे आहेत, म्हणजे तुझी सोय झाली असती. कानपिळीला नवरीचा भाऊ लागतो, म्हणून कुणीतरी चुलतभावाचं नाव सुचवलं. उन्नती उठून आत गेली. कुमारनं ऐकलं तेव्हा म्हणाला, माझा कान मी पिळून घेईन, त्याच्या पाटावर दुसऱ्याला बसवू नका. असा जावई आहे. तू त्याला फार त्रास दिला असतास.

आता माझी अडचण ऐक. हळदीच्या दिवशी मांडवात बसून मी आधी देवांना आवतन देते, डोंगरातल्या, खाडीतल्या, वेशीवरच्या. मग घरातल्या गेलेल्या माणसांना, एकेकाचं नाव घेऊन, की या, तुमच्या घरी लग्न आहे. नवशा, रंगूबाई आणि मग तुझे आजोबा महादू. जिवंत माणसाला कार्ड, मेलेल्याला माझं गाणं, हे इतकं सरळ आहे की आजवर कधी विचार करावा लागला नाही. दुसऱ्यांच्या मांडवात मी कितीतरी मेलेली माणसं बोलावली, आवाज कधी हलला नाही. तुझ्या आईनं तुला कार्डावर ठेवलंय. मी तुला कुठं ठेवू? कार्डावर असलेल्याला गाण्यात घेतलं तर कमळा मला जन्मभर तोंड दाखवणार नाही. आणि घेतलं नाही, अन् तू त्या बर्फात एकटा ऐकत बसला असशील, की आज तरी आजी मला बोलावते का, तर मग? म्हणून मी सगळ्यांना सांगत होते, या वेळी घसा बसलाय, गायला दुसरी कुणी बघा.

परवा दुपारी तुझी आई आणि मी लग्नाचे तांदूळ पाखडत होतो. ती सुपाकडे बघतच म्हणाली, आई, तुमचा घसा बरा हाय, मला म्हाईत हाय. हळदीला तुम्हीच गावा. आणि कुणाला विसरू नका. मी म्हटलं, माझं कधी चुकलंय का गं? ती म्हणाली, न्हाय, पन सगल्यांना घ्या. आणि पाखडत राहिली. त्या तांदळात एक खडा उरला नव्हता, तरी ती पाखडत राहिली, मी तिला थांबवलं नाही.

म्हणून हे पत्र. घरच्या माणसाला परस्पर मेलेल्यांच्या रांगेत बसवू नये, आधी त्याला सांगावं. माधवी उद्या निघतेय, हळदीच्या आधी त्या झोपडीत पोचेन म्हणते. तिला बजावलंय, तिथं बाहेर उभी राहून मोठ्यानं वाच, बर्फाला कुठं अक्षर कळतं. खरं तर आजोबांच्या नावानंतर माझं नाव यायचं होतं, तुझ्या लग्नात, दुसऱ्या कुठल्या धवळारणीच्या तोंडून. ते राहिलं. तर ऐक, भाविक. हळदीला महादूचं नाव घेतलं की मी थांबेन. पाण्याचा तांब्या उचलेन. बाया म्हणतील, बायजाबाईचा दम संपला. म्हणू देत, मी सावकाश पिईन. तेवढ्यात तू मांडवात पाय ठेवलास, तर मी गाणं पुढं नेईन, कुणाला काही कळणार नाही. आणि नाही आलास, तर तांब्या खाली ठेवीन आणि तुझं नाव घेईन. दचकू नकोस. तुझ्या आईनं हो म्हटलंय. ऐकू आलं की ये बाळा, जसा असशील तसा ये.

तुझीच,
आजी