पोसो तुनाच्या विहिरीसाठी मिळणारे पदक नको असल्याबाबत

प्रति,
मा. सचिव,
शौर्यपदक निवड मंडळ,
असुन्सियोन.

विषय : शौर्यपदक न स्वीकारण्याबाबत.
संदर्भ : माझ्या सहीसाठी आलेले आपले मानपत्र.

महोदय,

१. मी आनिसेतो विल्याग्रा, बोलिव्हियाविरुद्धच्या चाको युद्धातील माजी शिपाई व निवृत्त शिक्षक. अजूनही पोसो तुना येथील मुलांना शिकवतो. आपण मला सर्वोच्च पदक देऊ केलेत, याबद्दल आभारी आहे. युद्ध संपल्यावर चाळीस वर्षे कोणी विचारले नाही. आता एकाएकी आठवण का झाली, हे शोधताना माझी झोप उडाली आहे.

२. मानपत्रात लिहिले आहे की, तुकडी तहानेने मरत असताना मी गोळीबारातून जाऊन "निर्मनुष्य रानात" विहीर शोधली. गोळीबार खरा. पाणी घेऊन मी धावलो, तेही खरे. परंतु विहीर मी शोधली नाही. एन्ल्हेत जमातीच्या सिरिलोने मला तिथे नेले. तिथे त्याचे घर होते. त्याच्या आईने मला भोपळ्यातून पाणी पाजले. हे मी त्याच वेळी वरिष्ठांना सांगितले होते.

३. मानपत्र घेऊन कॅप्टन बारेइरो आले. सोबत एक जमीनदार व एक मोजणीदार होते. पदकाच्या कामाला मोजणीदार कशाला, हे मला कळले नाही. तेरेरेचा थंड काढा पिताना मी लढाईचे सांगू लागलो, तर जमीनदार म्हणाले, "मास्तर, लढाई राहू द्या हो. विहीर रस्त्यापासून किती लांब आहे तेवढं सांगा." सिरिलोच्या घराचा विषय काढताच कॅप्टन हसले. "ही माणसं आज इथं, उद्या तिथं. त्यांना कुठं धरून बसता?"

४. माझा जुना सोबती रेमिहियो याने मागच्या वर्षी अशाच मानपत्रावर सही केली. पदक मिळाले. पुढे त्याच्या मानपत्रातल्या तळ्याभोवती तारेचे कुंपण पडले व तिथल्या कुटुंबांना हाकलले. ती दाद मागायला गेली, तेव्हा रेमिहियोचीच सही पुढे आली : खुद्द वीर सांगतो, तिथे कोणी राहत नव्हते. रेमिहियो आता पदक घरात ठेवत नाही. कोंबड्यांच्या खुराड्यावर टांगले आहे.

५. माझा संशय चुकीचा असेल, म्हणून मी मानपत्र वर्गात वाचून दाखवले. मुलांना मी नेहमी सांगतो, वाक्य कळले नाही तर विचारावे. सिरिलोची नात नार्सिसा हिने विचारले, "मास्तर, तिथं कुणीच नव्हतं, तर तुम्हाला पाणी कुणी पाजलं?" मी शिक्षक आहे, महोदय. या प्रश्नाचे उत्तर देऊन मग सही करता येत नाही.

६. तरी पदक स्वीकारण्यास मी नम्रपणे नकार देत आहे. "निर्मनुष्य" हा शब्द काढून सुधारित मानपत्र पाठवू नये. तेही मी घेणार नाही, कारण माझ्या नावाने दुसरे काय लिहिले जाईल याचा भरवसा उरलेला नाही.

७. समारंभ बारा जूनला आहे. त्या दिवशी, व पुढेही रोज, शाळा विहिरीजवळ भरेल. सिरिलो व त्याचे सारे घर तिथेच असेल. कोणास जागा रिकामी आहे असे वाटत असेल, तर त्याने हजेरीच्या वेळी यावे. मुले मोठ्याने "हजर" म्हणतात.

आपल्या उत्तराची अपेक्षा न ठेवता,

आपला नम्र,
आनिसेतो विल्याग्रा
पोसो तुना, १९ मे १९७६

सोबत :
१. मानपत्र, सही न केलेले.
२. परवा विहिरीभोवती ठोकलेल्या लाल खुंट्या, चार. मुलांनी उपटल्या, सांगितले मी.