अकरावा लॅपटॉप

सोमवार, ३

नोकरीचा पहिला दिवस, आणि तो चक्क छान गेला. वजनकाटे तपासून देणारी ही छोटी कंपनी. खाली काट्यांचं वर्कशॉप, वर एक लांबट ऑफिस आणि खिडकीशी माझं टेबल. टेबलाला स्वतःचा ड्रॉवर आहे आणि तो अडकत नाही. माझ्यासारखीला एवढं पुरतं.

काम सोपं आहे. काटे तपासायला बाहेर जाणाऱ्या माणसांचे अकरा लॅपटॉप जुनाट झालेत. पेनड्राइव्ह लावायचा, जुनं सगळं पुसायचं, नवी ऑपरेटिंग सिस्टीम टाकायची. इथली पद्धत अशी की काम पुरं झालं की लॅपटॉपच्या पाठीवर कागदाची पट्टी चिकटवून तिच्यावर सही करायची. अर्धवट कामावर सही नाही. ऑफिस ज्या चालवतात त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. त्यांनी सांगितलं, अकरा सह्या झाल्या की मी कायम. पेनड्राइव्ह पिवळा आहे, भिंतीवरच्या खिळ्याला रबरानं टांगलेला असतो. तो अर्ध्यात काढायचा नाही, हे बाईंनी मला दोनदा बजावलं. नऊ वर्षं मी हेच काम करते आहे, पण शहाण्यासारखी मान डोलावली.

माझ्या आधी हे काम करणारे गृहस्थ आता दारापाशी बसून टपाल घेतात. त्यांना सगळे ‘नवे’ म्हणतात, आणि त्यांना इथे आठ वर्षं झालीत. स्वभावानं अगदी गरीब, सांगितलं की करतात. त्यांच्या टेबलावर एका बाईचा आणि दोन मुलांचा फोटो आहे. घरची मंडळी का, असं विचारलं तर म्हणाले, माहीत नाही हो, ड्रॉवरमध्ये सापडला, फ्रेम चांगली आहे म्हणून ठेवलाय. मला हसू आवरेना.

ही वही भिंगरीनं दिली. भिंगरी म्हणजे माझी लेक, वय वर्षं सात, एका जागी बसेल तर शपथ. पुठ्ठ्यावर वाकड्यातिकड्या अक्षरात ‘आईची वही’ असं तिनंच लिहिलंय. हुकूम असा की रोज लिहायचं, आणि ती आली की सगळं वाचून दाखवायचं. माझं इथे बस्तान बसेपर्यंत ती माझ्या धाकट्या भावाकडे आहे. गुरुवारी, तेरा तारखेला तो तिला घेऊन येईल. दहा दिवस राहिले. बाई गं, दहा दिवस.

शुक्रवार, ७

दहा लॅपटॉप झाले, दहा सह्या झाल्या. वही मात्र तीन दिवस तशीच पडली. भिंगरी कान उपटणार.

अकरावा लॅपटॉप माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटतोय. आधी त्याला पेनड्राइव्ह दिसतच नव्हता. दुसऱ्या खाचेत लावला, तर दिसला. भाषा निवडा, कीबोर्ड निवडा, अटी मान्य करा. निळी पट्टी सरकत सरकत ६१ टक्क्यांवर गेली आणि निवांत तिथे बसली. मग निरोप आला, ‘पुरेशी जागा नाही’. अरे, आत्ताच तर सगळी डिस्क पुसली, जागा गेली कुठे? पुन्हा पहिल्यापासून. आज सहा वेळा त्या अटी मान्य केल्या. लग्नातसुद्धा मी इतक्या वेळा हो म्हटलं नव्हतं.

भिंगरीचा फोन आला होता. पुढचा दात पडलाय, तो काडेपेटीत ठेवलाय, मला दाखवायला आणणार आहे. तिच्याशी बोलून डोकं जरा ताळ्यावर आलं.

सोमवार, १०

आज घोळ सापडला, म्हणजे नवा घोळ सापडला. यादीत तीन डिस्क दिसतात. एक लॅपटॉपची, एक पेनड्राइव्हची आणि तिसरी बिननावाची. मी स्क्रू काढून लॅपटॉप पार उघडा केला. आत डिस्क एकच आहे. झाकण लावलं, चालू केला, की पुन्हा तीन.

तिसरीत दोनच फोल्डर आहेत. एकाचं नाव ‘ताई’, दुसऱ्याचं ‘आई’. उघडत नाहीत, पण दोघांनी मिळून सगळी जागा अडवून ठेवली आहे. कुणीतरी घरचे फोटो ऑफिसच्या मशीनवर साठवले असणार. लोकांना सवयच असते. कुणाचे आहेत म्हणून नव्यांना विचारलं. ते शांतपणे म्हणाले, मशीन जागा मागतंय ना, मग द्यावी, मलाही तेव्हा असंच सांगितलं होतं.

एवढा वैताग आला होता की ‘ताई’ पुसून टाकला. पट्टी थेट ८४ वर गेली, आणि पुन्हा ‘पुरेशी जागा नाही’. मी पाण्याची बाटली टेबलावर आपटली. मोठ्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाल्या, होईल हो, एकेक करून होतं.

मंगळवार, ११

सकाळपासून एका माणसाचे फोन. नंबर ओळखीचा नाही, पण मला ताई म्हणतो. गुरुवारी किती वाजता आणू, असं विचारत होता. मी म्हटलं, कुरिअर असेल तर खाली वर्कशॉपात द्या. तो म्हणाला, ताई, बरी आहेस ना तू? अशा लोकांना काही उद्योग नसतात. ठेवून दिला.

आधीच त्या लॅपटॉपनं माझे हात टेकवलेत. शेवटी ‘आई’वर पण पुसण्याचा शिक्का मारला आणि पट्टी चालू करून सोडून दिली. किती दिवस वाया गेले ते मोजायला ही वही उघडली.

पहिल्याच पानावर लिहिलंय, ‘माझ्या धाकट्या भावाकडे’.

मला भाऊ नाही.

अक्षर माझं आहे. ‘भा’चा काना मी असाच लांब ओढते. पुन्हा वाचलं. भिंगरी त्याच्याकडे आहे. मग मी भिंगरीला कुणाकडे ठेवलं? त्या घराचं दार डोळ्यांपुढे येतं, दारातल्या माणसाला चेहरा नाही.

पट्टी ७० वर होती. पेनड्राइव्ह उपटून काढला.

सकाळचा नंबर लावला. भिंगरीला द्या म्हटलं. ती आली, दात नसल्यामुळे फुसफुस बोलत होती, काडेपेटी वाजवून दाखवली. मी रडले, तर तिला वाटलं हसते आहे. मागे तो माणूस पण रडत होता. तिला आजच घेऊन या, असं मी त्याला सांगितलं. गाडी उद्या संध्याकाळची आहे, परवा सकाळी पोचू, म्हणाला. मला ताईच म्हणाला.

लॅपटॉप उलटा करून पाहिला. पाठीवर सह्यांच्या कागदी पट्ट्यांवर पट्ट्या आहेत. वरच्या पट्टीवर नव्यांची सही, आठ वर्षांपूर्वीची. ती नखानं सोलली. खाली मोठ्या बाईंची.

पेनड्राइव्ह टेबलावर टाकून पळत घरी आले.

बुधवार, १२

पेनड्राइव्ह नष्ट करायचा म्हणून सकाळी सगळ्यांच्या आधी ऑफिसात आले. नवे माझ्याही आधी आलेले. रात्रभर चालू राहिलेल्या स्क्रीनवर ‘पेनड्राइव्ह परत लावा’ असं आलं होतं म्हणे. त्यांनी लावला. सांगितलं की करतात.

८८.

काढला. पट्टी थांबत नाही. बॅटरी काढली. तरी चालू आहे.

नव्यांच्या अंगावर ओरडले. फोटोतली ती तुमची बायको आहे, तुमची मुलं आहेत. त्यांनी फोटो हातात घेतला, नीट पाहिला आणि म्हणाले, छान आहेत, हवा असेल तर घेऊन जा.

९१. लिहून ठेवते, म्हणजे राहील. भिंगरी. वय सात. डाव्या गुडघ्यावर व्रण, सायकलवरून पडली तेव्हाचा. दुधावरची साय काढून टाकते. झोपताना माझा कान धरते. पडलेला दात काडेपेटीत.

९४. वय सात. गुडघ्यावर व्रण, कुठल्या ते — साय काढते की — वर लिहिलंय, वर बघ —

मोठ्या बाई आल्या. माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाल्या, त्रास होतो थोडा, मग बरं वाटतं.

९७. कान धरते. कोण धरते — कान धरते —

काडेपेटी. काडेपेटी आली की तिला — विसरू नकोस, ती तेराला —

९९

गुरुवार, १३

आजचा दिवस चक्क छान उगवला. झोप मस्त लागली होती. अकरावा लॅपटॉप झाला, पाठीवर पट्टी चिकटवून मी सही केली. मोठ्या बाई म्हणाल्या, आता तुम्ही कायम. नव्यांनी हात मिळवला. खिडकीशी टेबल आहे, ड्रॉवर अडकत नाही.

ड्रॉवरमध्ये ही वही सापडली. पुठ्ठ्यावर लहान मुलाच्या अक्षरात ‘आईची वही’ लिहिलंय. आधीची पानं कुणीतरी भरलेली आहेत, दुसऱ्याचं खासगी म्हणून वाचली नाहीत. कोरी पानं बरीच आहेत, तेव्हा मालकीण सापडेपर्यंत वापरावी म्हटलं.

आत्ता एक गृहस्थ आलेत. डोळे लाल झालेले, दोनदा जिना चढून आल्यासारखी धाप लागलेली. सोबत सातेक वर्षांची मुलगी. पुढचा दात पडलेला, हातात काडेपेटी. सरळ धावत माझ्या टेबलाशी आली आणि माझा कान धरला. मी हळूच सोडवून घेतला, तसा तिचा चेहरा पडला. कुणाची आहे कोण जाणे, गोड आहे.

आता ती या वहीकडे बोट दाखवते आहे. म्हणते, ही तिनं दिलेली वही आहे, आणि मी तिला ती वाचून दाखवायची असं ठरलंय. तिचीच असेल, तर तिला मिळायला हवी. एवढी ओळ पुरी करते आणि देऊन टाक