वैमानिक बाईंचा आवाज

३ मार्च

वाचून झालं. फसवलं मला!

ओट्याशी उभ्याउभ्याच वाचलं, चहा तसाच गार झाला. आमची अंतराळयानाची परदेशी मालिका संपली तरी तिची पुढची गोष्ट कॉमिक्समध्ये चालू आहे म्हणून लेकीनेच अंक आणून दिले होते. तिसऱ्या अंकात यानाची वैमानिक कबूल करते — ती शत्रूची हेर. आत्ताची नव्हे, मालिकेच्या पहिल्या भागापासूनची!

इतकी वर्षं आपल्या भाषेत तिचा आवाज मी. आणि मलाच पत्ता नाही? यानाचा कप्तान मेला त्या भागाला डबिंगच्या त्या काचेच्या खोलीत मी खरोखरीची रडले होते. रेकॉर्डिस्टने काम थांबवून पाणी पाठवलं होतं. ते रडणं म्हणे नाटक होतं. तिचं असेल. माझं नव्हतं.

४ मार्च

लेक हसते. "अगं आई, चित्रातली बाई आहे ती!"

असेल. पण तिच्या तोंडात जीभ माझी होती.

७ मार्च

पुन्हा सगळे अंक काढले. चित्रं सुरेख आहेत, नाही म्हणणार नाही. पण तिची वाक्यं मोठ्याने म्हणायला गेले की अडखळते. ती 'माफ करा' कधी सरळ म्हणत नाही, 'माफ' अर्धा गिळते. मला सर्दी झाली होती तेव्हा तसं झालं, आणि मग तेच चिकटलं. लिहिणाऱ्याला याचं काय!

९ मार्च

मास्तरांना फोन केला. आमचे डबिंगचे दिग्दर्शक — बोलायला मला त्यांनीच शिकवलं. "अहो, गळ्यातून नको, पोटातून!"

म्हटलं, "मास्तर, आपली बाई हेर निघाली की हो!" वाटलं होतं, खो खो हसतील.

"वाचलंत तुम्ही?" एवढंच.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

हळूच म्हणाले — "यावर नवी मालिका येतेय. आपल्या भाषेतली तयारसुद्धा झाली."

"आणि माझी बाई?"

"वरून ठरलं हो. माझ्या हातात काही नव्हतं."

माझ्या जागी कोण, ते काही सांगेनात. "तब्येतीला जपा," म्हणाले. तब्येतीला! मी फोनच ठेवून दिला.

१० मार्च

त्या हेर बाईने निदान तोंडाने कबूल तरी केलं.

१४ मार्च

नवी कुणी पोरगी असेल. तिच्यावर राग नाही काढायचा. पहिलंच मोठं काम असेल बिचारीचं, घशाला कोरड पडली असेल. नंबर मिळाला तर फोन करीन. म्हणेन, छान कर हो.

१८ मार्च

नव्या मालिकेची जाहिरात आली. लेकीने मोबाईल पुढे धरला. "आई, तू गेली होतीस रेकॉर्डिंगला? मला बोलली नाहीस!"

आवाज माझाच. माझ्या जुन्या रेकॉर्डिंगवरून मशीनने बनवलेला. पोरगी वगैरे कुणी नाहीच.

मी यातलं एक अक्षर बोललेले नाही.