अडवलेलं पान

अण्णा, तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी आज तुमची लेक हे लिहून तुमच्याशी भांडायला बसलीय. अणदूरच्या घरात नर्सबाईंनी आईला छातीतल्या गाठीबद्दलचं एक माहितीपत्रक दिलं होतं. मी ते चुलीपाशी बसून तिला वाचून दाखवत होते. तुम्ही आत आलात आणि ते माझ्या हातातून ओढून घेतलंत. "असलं बाईमाणसानं वाचायचं न्हाय," एवढंच बोललात. आई खाली मान घालून भाकरी थापत राहिली. गाठीबद्दल ती पुन्हा कुणाशी बोलली नाही. दवाखान्यात नेली तेव्हा उशीर झाला होता.

आता मी तुळजापुरात एका कॉलेजची कॉम्प्युटर लॅब सांभाळते. मागच्या महिन्यात तामलवाडीची एक मुलगी माझ्याकडं आली. "मॅडम, हे पान उघडंना. आईच्या छातीत गाठ हाय, काय करायचं ते बघायचंय." एका दवाखान्याची साधी माहितीची साइट होती. स्क्रीनवर नुसतं 'परवानगी नाही'. घाणेरड्या साइट अडवायला संस्थेच्या सेक्रेटरींनी जे शब्द ठरवून दिले होते, त्यात 'स्तन' होता.

मी तडक त्यांच्या केबिनमध्ये गेले. ते म्हणाले, "ईमेलमधलं स्पॅम अडवता, तेव्हा कुणी तक्रार करत नाही. हे तसंच आहे."

"तसंच नाही, साहेब. स्पॅम नुसतं बाजूला पडतं. ज्याचं त्याला ते उघडून बघता येतं, चुकून तिकडं गेलेला मेल परत काढता येतो. इथं तिच्या हातात काहीच नाही. तिच्या वतीनं तुम्हीच ठरवून मोकळे झालात."

"मुली बिघडल्या तर जबाबदार कोण?"

"आणि तिची आई गेली तर?"

मी खाली आले, तो शब्द काढून टाकला आणि पान उघडून दिलं. ती पोरगी ओठ हलवत वाचतेय, मधेच डोळे पुसतेय, आणि मला आपली चूल दिसतेय. त्याच आठवड्यात तिनं आईला सोलापूरला नेलं. ऑपरेशन झालं. वेळेत आलात, असं डॉक्टर म्हणाले. मला मात्र सेक्रेटरींनी लॅबमधून काढून प्रवेशाचे अर्ज घ्यायच्या खिडकीवर बसवलंय. बसवू देत. पुन्हा अडवलं तर पुन्हा भांडेन.

तुम्ही काळजीपोटी केलंत, असं सगळे म्हणतात. असेल. पण दुखणं आईचं होतं, अण्णा. वाचायचं की नाही, हे तिनं ठरवायचं होतं.

हे कुठं पाठवायचं नाहीच. सेक्रेटरींपुढं माझा आवाज कापला नाही. तुम्ही समोर असता, तर कापला असता.